चाळीस हजार डॉलरची बॅक, पाचशे डॉलरचा कॅमेरा आणि १३ बाय १९ चा कागद

ऑक्टोबर २००८. टोरांटोचे छायाचित्रकार मायकेल राइकमन यांनी आपल्या प्रिंट स्टुडिओत काही छायाचित्रकारांना आणि या धंद्यात मुरलेल्या मंडळींना बोलावलं. त्यांच्यासमोर १३ बाय १९ इंचांच्या प्रिंट मांडल्या आणि विचारलं, यातली कुठली कशावर काढली ते सांगा. एक संच होता हॅसलब्लाड एच२ आणि त्याच्या पाठीला फेज वनची पी४५+ ही ३९ मेगापिक्सेलची डिजिटल बॅक. किंमत चाळीस हजार डॉलरच्या घरात. दुसरा होता कॅननचा जी१०, कोटाच्या खिशात मावणारा, साधारण पाचशे डॉलरचा. तेव्हाच्या भावानं एकीकडे वीस लाखांच्या आसपास रुपये आणि दुसरीकडे पंचवीस हजार.

कोणालाही खात्रीनं सांगता आलं नाही. सर्वांत हुशार ठरलेल्याचा अंदाजही साठ टक्क्यांच्या पुढे गेला नाही. सगळ्यांची उत्तरं एकत्र केली तर हिशेब निम्मानिम्मा, म्हणजे नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी एवढीच बरोबर आली असती.

हा निकाल ज्याला जसा हवा तसा वापरला जातो. बॅक परवडत नाही त्याला तो दिलासा देतो, आणि कर्ज काढून घेतलेल्याला तो चावटपणा वाटतो. माझ्या मते परीक्षा प्रामाणिक होती आणि निकालही खरा होता. पण त्यात कॅमेऱ्यांपेक्षा कागदाच्या आकाराचीच परीक्षा जास्त झाली. व्यावसायिक डिजिटल कॅमेरा आणि मीडियम फॉरमॅट बॅक यांची तुलना आजही याच जागी फसते, म्हणून हे जुनं प्रकरण पुन्हा उघडण्यासारखं आहे.

आधी बॅक म्हणजे काय ते थोडक्यात. मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याला, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा मोठी फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्याला, पाठीमागे फिल्मचं मॅगझिन लागायचं. ते काढून त्याच जागी सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स आणि पडदा असलेला डबा बसवला की झाली डिजिटल बॅक. पी४५+ मध्ये कोडॅकचा सीसीडी सेन्सर होता, ४९.१ बाय ३६.८ मिलिमीटरचा. जी१० चा सेन्सर ७.४ बाय ५.६ मिलिमीटरच्या आसपास, बोटाच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळात चाळीसपटीहून जास्त फरक. एवढा फरक असून डोळ्यांना दिसला नाही, तो गेला कुठे?

याचं उत्तर शाळेतल्या भागाकारात आहे. पी४५+ ची फाइल ७२१६ बाय ५४१२ पिक्सेलची आणि जी१० ची ४४१६ बाय ३३१२ ची. १३ इंचांची बाजू पूर्ण वापरली तर बॅकचे इंचाला ४१६ पिक्सेल पडतात आणि जी१० चे २५५. आता डोळा. निरोगी नजर साधारण एका कलेपर्यंतचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखते. प्रिंट ४० सेंटिमीटरवर धरली तर ही एक कला कागदावर ०.१२ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला सुमारे २२० ठिपके. जी१० ते २५५ देतोच आहे. बॅक ४१६ देते, पण वरचे जवळजवळ दोनशे बघायला डोळाच नाही. नाक कागदाला लावून २५ सेंटिमीटरवरून पाहिलं तर डोळ्याची मर्यादा ३५० पर्यंत जाते, तेव्हा फरकाला थोडी जागा मिळते. पण तेवढ्या जागेत शाईचे ठिपके, कागदाचा पोत आणि छपाईपूर्वी केलेलं शार्पनिंग हे सगळे मध्ये येतात. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या दिवसांत पाचशे सीसीची बुलेट आणि शंभर सीसीची गाडी एकाच वेगानं सरकत असतात. त्यावरून इंजिनांबद्दल निष्कर्ष काढू नये.

परीक्षेत एक सुगावा मात्र होता आणि ज्याला तो कळला त्याचं काम सोपं होतं. पाहायचं ते तीक्ष्णतेकडे नाही, डेप्थ ऑफ फील्डकडे, म्हणजे पुढून मागपर्यंत किती खोली फोकसमध्ये आहे त्याकडे. दोन सेन्सरांच्या कर्णांचं प्रमाण साडेसहाला एक आहे. म्हणजे जी१० वर एफ/४ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान) जेवढी खोली फोकसमध्ये येते तेवढी पी४५+ वर मिळवायला अ‍ॅपर्चर एफ/२६ पर्यंत बंद करावं लागेल. एवढं बारीक अ‍ॅपर्चर सहसा कोणी ठेवत नाही. त्यामुळे ज्या प्रिंटमध्ये मागची झाडी किंचित मऊ पडली आहे ती बॅकची, आणि ज्यात पुढचं-मागचं सगळं सारखंच टोकदार ती जी१० ची. गंमत अशी की नवख्या माणसाला सगळीकडे टोकदार असलेली प्रिंट महाग कॅमेऱ्याची वाटण्याची शक्यता जास्त.

‘मीडियम फॉरमॅटचा लूक’ म्हणून जे बोललं जातं त्यातला मोठा भाग हाच आहे, आणि तो गुणाकारानं मोजता येतो. ५४ बाय ४० मिलिमीटरच्या बॅकवरची ८० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स ही फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, साधारण ५१ मिलिमीटर एफ/१.८ सारखी वागते. असली लेन्स फुल फ्रेमच्या दुनियेत काही हजारांत मिळते. उलट फुल फ्रेमची ८५ एफ/१.४ घेतली तर पार्श्वभूमी बॅकपेक्षाही जास्त विरघळवता येते. लूकमध्ये लेन्सची घडण, रंगांचं प्रोफाइल आणि छायाचित्रकारानं संथपणे काम करणं हेही मिसळलेलं असतं. पण सेन्सर मोठा म्हणून हवेत काहीतरी वेगळं पकडलं जातं, हे मला कधी पटलेलं नाही.

मग वीस लाख गेले कुठे? परीक्षेत जे विचारलं गेलं नाही त्यात.

पहिली गोष्ट नॉइज. प्रकाश कणाकणानं येतो आणि त्या कणांच्या मोजणीत जी स्वाभाविक चढउतार असते ती आपल्याला नॉइज म्हणून दिसते. जितके कण जास्त, तितकी ही चढउतार तुलनेनं कमी, आणि तीही वर्गमूळाच्या प्रमाणात. चाळीसहून अधिक पट क्षेत्रफळ म्हणजे सहापटीहून स्वच्छ चित्र. चांगल्या उजेडात, बेस आयएसओला (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेला), एक्स्पोजर नीट बसलेलं असताना जी१० चं चित्रही मधल्या छटांमध्ये पुरेसं स्वच्छ असतं आणि १३ बाय १९ वर फरक विरून जातो. पण सावल्या तीन स्टॉप, म्हणजे तीनदा दुप्पट, उजळून बघा. जी१० च्या काळच्या लहान सेन्सरवर सावलीतली झाडाची साल तपकिरी-जांभळ्या डागांनी भरते. नॉइज काढायला जावं तर पानांच्या कडा जलरंगासारख्या एकमेकांत मिसळतात आणि शार्पनिंगनं त्याच कडांवर पांढरी रेघ उमटते. बॅकच्या फाइलमध्ये त्याच जागी साल सालीसारखीच राहते.

दुसरी गोष्ट मोठी प्रिंट. ४० इंच उंचीची केली तर बॅकचे इंचाला १३५ पिक्सेल उरतात आणि जी१० चे ८३. एक मीटरवरून डोळ्याला ८७ पुरतात, म्हणून दिवाणखान्याच्या पलीकडून पाहणारा दोन्हींवर खूश असेल. प्रदर्शनात मात्र लोक जवळ जातातच. चित्र जितकं मोठं तितकं माणसाला त्याच्या जवळ जावंसं वाटतं. तिथे पी४५+ आणि जी१० ओळखायला अनुभवी छायाचित्रकार लागला नसता, शाळकरी पोरगंही चाललं असतं.

आता जी१० बाजूला ठेवू. व्यावसायिकाचा खरा पेच बॅक आणि चांगला डीएसएलआर यांच्यात होता. २००८ मध्ये तो डीएसएलआर म्हणजे कॅननचा १डीएस मार्क ३, २१ मेगापिक्सेलचा, आठ हजार डॉलरचा. त्याची लहान बाजू ३७४४ पिक्सेलची, म्हणजे १३ इंचांवर २८८. राइकमन यांच्या टेबलावर तो ठेवला असता तर तोही ओळखू आला नसता हे उघड आहे. तरीही जाहिरातींच्या स्टुडिओंमध्ये बॅक टिकून होती, कारण ३९ विरुद्ध २१ मेगापिक्सेल हा फरक मासिकाच्या दोन पानी जाहिरातीत आणि त्यातूनही तुकडा कापून वापरताना जाणवायचा. शिवाय बॅकवर अँटी-अलियासिंग फिल्टर (बारीक नक्षीवर खोटे पट्टे उमटू नयेत म्हणून चित्र किंचित मऊ करणारी काच) नसायचा, त्यामुळे पिक्सेल पातळीवरचा तपशील जास्त खडखडीत दिसायचा.

त्या फिल्टरच्या नसण्याची किंमत कापडावर मोजावी लागते. बारीक विणीची साडी घ्या, एखादी इरकली किंवा दुहेरी रंगाच्या धाग्यांचं रेशीम. धाग्यांची ओळ आणि पिक्सेलची ओळ जवळपास एकाच घनतेची झाली की पदरावर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. मोआरे म्हणतात तो हाच. सांगणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअरमध्ये जाईल. रंगाचा पट्टा जातोही, पण त्याबरोबर धाग्याचा खरा रंगही उडतो आणि गिऱ्हाइकाला विकायचा असतो तो नेमका तोच रंग. सेटवरचा उपाय साधा आहे: कॅमेरा वीतभर पुढे-मागे करा, किंवा अ‍ॅपर्चर एफ/१६ ला नेऊन डिफ्रॅक्शनला, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाच्या पसरण्याला, चित्र थोडं मऊ करू द्या. तीक्ष्णतेसाठी लाखो मोजायचे आणि मग ती मुद्दाम बोथट करायची, हा प्रकार कॅटलॉगवाल्यांना नवा नाही.

२०१२ मध्ये पेच उलटला. निकॉनचा डी८०० आला: ३६ मेगापिक्सेल, तीन हजार डॉलर. त्याचा भाऊ डी८००ई, ज्यात फिल्टरचा परिणाम रद्द केलेला. समोर फेज वनची आयक्यू१८०, ८० मेगापिक्सेलची, चाळीस हजार डॉलरच्या वरची. सेन्सर तपासून गुण देणाऱ्या डीएक्सओमार्कनं डी८०० ला ९५ गुण दिले, आयक्यू१८० ला ९१. बॅकवाल्यांची झोप उडवणारी बातमी. कारण खरं होतं. आयक्यू१८० सारख्या बॅकमधल्या जुन्या सीसीडी सेन्सरमध्ये सगळा विद्युतभार मोजक्या वाटांनी बाहेर नेऊन मोजला जायचा आणि त्या घाईत वाचनाचा नॉइज वाढायचा. सोनीनं घडवलेल्या डी८०० च्या सीमॉस सेन्सरवर मात्र प्रत्येक स्तंभाच्या तळाशी स्वतःचा कन्व्हर्टर असतो, त्यामुळे मोजणी सावकाश आणि शांतपणे होते. सावल्यांमध्ये त्याचा फायदा थेट दिसतो. बॅकवाले तोवर ‘सोळा बिट’चा झेंडा मिरवत होते: ६५,५३६ पायऱ्या, डीएसएलआरच्या १६,३८४ च्या चौपट. पण खालच्या पायऱ्या नॉइजमध्ये बुडालेल्या असतील तर त्या कितीही असोत. सीसीडीच्या काळातले ते सोळा बिट बव्हंशी माहितीपत्रकापुरतेच होते.

पण डीएक्सओमार्कच्या आकड्यातही राइकमन यांचा कागद लपलेला आहे. त्यांचे गुण काढताना प्रत्येक फाइल आठ मेगापिक्सेलवर, म्हणजे ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटवर आणून मोजली जाते, आणि रिझोल्यूशनला त्यात गुणच नाहीत. नॉइजची तुलना न्याय्य व्हावी म्हणून हे करणं बरोबरच आहे. मात्र त्यामुळे आयक्यू१८० चं मुख्य बळच हिशेबाबाहेर राहतं. ४० इंच उंच प्रिंटवर तिचे इंचाला १९४ पिक्सेल येतात आणि डी८०० चे १२३. ९५ विरुद्ध ९१ वाचून डी८०० भारी म्हणणारा आणि ८० विरुद्ध ३६ वाचून बॅक भारी म्हणणारा, दोघं दोन वेगळ्या प्रिंटबद्दल बोलत असतात.

२०१४ च्या जानेवारीत फेज वननं आयक्यू२५० आणली आणि मीडियम फॉरमॅटमध्ये सीमॉस शिरला. सोनीचाच ५० मेगापिक्सेलचा सेन्सर पेंटॅक्सच्या ६४५झेड मध्ये त्याच वर्षी साडेआठ हजार डॉलरला मिळू लागला. तेव्हापासून सीसीडी आणि सीमॉसचा वाद संपला. काही लोक अजून सीसीडीच्या रंगांची आठवण काढतात. त्यात कोडॅकच्या रंग-फिल्टरांचा आणि प्रोफाइलचा वाटा असावा असा माझा कयास आहे. रंगचार्ट समोर धरून प्रोफाइल बनवलं की ती जादू बरीचशी आटोक्यात येते.

त्यानंतरच्या पिढीची तुलना तर कुणीतरी प्रयोगशाळेत रचून दिल्यासारखी आहे. सोनी ए७आर ४, फुजीफिल्म जीएफएक्स १०० आणि फेज वन आयक्यू४ १५०. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत आलेले तिघं. तिघांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, घडणीची पिढी एकच. फरक फक्त सेन्सर किती मोठा कापला याचा. त्यामुळे पडद्यावर शंभर टक्क्यांना उघडून तुकडे शेजारी ठेवणं इथे निरर्थक आहे. लेन्स सारख्या दर्जाच्या असतील तर ते सारखेच दिसणार. फरक पूर्ण चित्रात आहे. लहान बाजूला पिक्सेल अनुक्रमे ६३३६, ८७३६ आणि १०६५२. क्षेत्रफळ फुजीचं सोनीच्या १.७ पट, फेज वनचं अडीच पट. स्टॉपमध्ये मोजलं तर पाऊण आणि सव्वा. ४० इंचांच्या प्रिंटवर इंचाला १५८, २१८ आणि २६६ पिक्सेल. आपला ४० सेंटिमीटरवरचा डोळा २२० मागतो, हे वर आलंच आहे. म्हणजे ४० इंच उंच प्रिंट हातभर अंतरावरून बघायची असेल तर सोनी कमी पडतो, फुजी पुरतो आणि फेज वन उरतो. पैशाचा मामला असताना इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं.

त्यात एक पाचर आहे, डिफ्रॅक्शनची. एफ/११ ला प्रकाशाच्या बिंदूचा डाग सुमारे १५ मायक्रॉनचा होतो, एफ/१६ ला २१ चा. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला तो चार ते सहा पिक्सेल व्यापतो. दागिन्यांचं काम करणाऱ्यांना हे रोज भोगावं लागतं. ठुशीचे मणी पुढून मागपर्यंत फोकसमध्ये हवेत म्हणून अ‍ॅपर्चर बंद करावं, तर मण्यांवरची कडाच मऊ पडते. सेन्सर मोठा घेतला तर तेवढीच खोली मिळवायला अ‍ॅपर्चर आणखी बंद करावं लागतं आणि तीक्ष्णतेतला फायदा जवळजवळ तिथेच मिटतो. फ्लॅशची ताकद वाढवून स्वच्छ छटांचा फायदा परत मिळवता येतो, तीक्ष्णतेचा नाही. त्यासाठी फोकस पुढे सरकवत अनेक फ्रेम काढून जोडाव्या लागतात, आणि ते तर फुल फ्रेमवरही होतं. दागिन्यांसाठी बॅक घ्यायची असं कोणी म्हणालं तर मी आधी त्याला स्टॅकिंग येतं का विचारीन.

आपल्याकडच्या कामांना हे गणित लावलं की बरीचशी कामं फटाफट निकाली निघतात. चौकातला वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स वीस मीटरवरून वाचला जातो. तिथे डोळ्याला इंचाला चार-पाच पिक्सेल पुरतात, म्हणजे उंचीला पाचशे-सव्वापाचशे. भावी नगरसेवकांच्या शुभेच्छांसाठी मोबाइलही जास्तच होतो, आणि डिझायनर त्यावर जे करतो ते पाहता कॅमेऱ्याची चर्चाच नको. लग्नाचा १२ बाय ३६ चा अल्बम: २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लहान बाजू १२ इंचांवर ३३३ पिक्सेल देते. एकच फोटो आडवा कापून दोन्ही पानांवर पसरला तर तेच १६७ वर येतं. तिथे ४५ मेगापिक्सेलचा डी८५० सारखा कॅमेरा कामाचा. बॅकची गरज नाही, आणि मांडवात अक्षता पडत असताना ती हाताळणं हीच शिक्षा आहे.

बॅकचं पारडं जड होतं ते दोन ठिकाणी, आणि त्यातलं एक प्रतिमेच्या गुणवत्तेत मोडतच नाही. हॅसलब्लाडच्या एच मालिकेतल्या लेन्समध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे फ्लॅश किमान १/८०० सेकंदाच्या शटर वेगापर्यंत जुळतो; फेज वनच्या अशाच, लीफ शटर लेन्सवर १/१६०० पर्यंत. डीएसएलआर १/२५० ला अडतो. एप्रिलच्या दुपारी कोकणात वाळूवर मॉडेल उभी आहे आणि तिच्यामागचं आकाश गडद हवं आहे, तेव्हा हे पावणेदोन ते पावणेतीन स्टॉप म्हणजे एका फ्लॅशच्या जागी तीन ते सहा फ्लॅश न लावणं. जनरेटरचं भाडं धरून हिशेब केला तर बॅक स्वस्त पडू शकते.

दुसरं ठिकाण चित्रांच्या प्रतिकृतींचं. लघुचित्र, जुनं पोथीचित्र, कॅनव्हासवरचा तैलरंग. इथे विषय हलत नाही, उजेड हातात असतो आणि फाइल पुढची अनेक वर्षं भिंगाखाली पाहिली जाणार असते. हॅसलब्लाडच्या मल्टिशॉट बॅकमध्ये सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फ्रेम घेतल्या जातात, म्हणजे प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजलेले मिळतात. शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज करावा लागत नाही, आणि कॅनव्हासच्या विणीवर रंगीत मोआरेही उमटत नाही. ए७आर ४ हीच युक्ती चार किंवा सोळा फ्रेममध्ये करतो आणि चांगली करतो. तरी मोठ्या चित्रासाठी, एका फटक्यात १५० मेगापिक्सेल आणि टेक्निकल कॅमेऱ्यावर (लेन्स आणि बॅक वेगवेगळी सरकवता येणाऱ्या) अचूक समांतर बसवता येणारी बॅक हे काम निम्म्या वेळात उरकते. संग्रह शंभर-दोनशे चित्रांचा असेल तर बॅक आठवडाभर भाड्यानं आणावी. दहा-बारा चित्रांचा असेल तर फुल फ्रेम, चांगली मॅक्रो लेन्स, जड ट्रायपॉड आणि चारी कोपऱ्यांवर सारखा पडणारा उजेड यांवर भागतं. तिथे आधी उजेडमापक घ्यावा.